मालखान्यातला मफलर

धारच्या उमाबाई मोहिते लग्न होऊन देवासला आल्या, त्यालाही आता चाळीसेक वर्षं झाली. नवरा बळवंतराव सरकारी शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्तीनंतर ते रोज सकाळी सायकलवर बायपासपर्यंत जात आणि येताना गरम पोहे बांधून आणत. एका थंडीत, दाट धुकं असताना, ते परत आलेच नाहीत. कुणीतरी गाडीनं उडवून पळून गेलं होतं. पाहणारं कुणी नव्हतं.

जिल्ह्याच्या फॉरेन्सिक पथकातल्या मेधा गर्गे यांनी तिथली एकेक वस्तू कागदी पाकिटांत घालून लाखेनं बंद केली. सायकलच्या मडगार्डवर रंगाची एक बारीकशी खपली चिकटली होती. बळवंतरावांच्या गळ्यातला लाल मफलरही पाकिटात गेला. उमाबाईंनी तो मागितला.

"बेटा, एवढा मला दे. ह्यांचा वास आहे त्याला."

"काकू, आत्ता नाही देता येणार," मेधा म्हणाली. "ह्यावरूनच गाडी सापडेल कदाचित."

खपली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर दिसलं, वर पांढरा रंग आणि खाली निळा. म्हणजे निळी गाडी नंतर पांढरी रंगवलेली. पोलिसांनी गॅरेजं धुंडाळली. पार राजगढमध्ये तशी एक पिकअप दुरुस्तीला आलेली सापडली.

"रोजडा आडे आ गया था, भिया," चालक म्हणाला. "नीलगाय. इसमें मेरी क्या गलती?"

हेडलाइटच्या फुटक्या कडेत मेधाला चिमट्यानं धरण्याइतके लाल तंतू मिळाले. मफलरचे तंतू आणि हे तंतू प्रयोगशाळेत शेजारी शेजारी ठेवले गेले. दोन्हीकडे एक धागा खऱ्या लोकरीचा, दुसरा कृत्रिम, आणि दोन्हींच्या लाल छटाही वेगळ्या. अशी जोडी बाजारात कुठल्याच मफलरला नव्हती. मेधा विचारायला घरी आली.

"लोकर पुरली नाही ना," उमाबाई म्हणाल्या. "मग धारहून वहिनींनी दुसरी पाठवली, ती जोडीला घेऊन विणला. हे म्हणाले, दोन लाल दिसताहेत. मी म्हटलं, चित्र काढणाऱ्यालाच दिसतील ते." हसता हसता त्यांना रडू आलं.

खटला वर्षानुवर्षं चालला. दर थंडीत उमाबाई मेधाला फोन करायच्या, "मिळेल का गं आता?" मुलगा श्रेयसनं तसाच एक मफलर आणून दिला. त्यांनी तो घडी मोडून पाहिलासुद्धा नाही. रस्त्यानं एखादा म्हातारा सायकलवरून गेला की त्या फाटकापाशी तशाच उभ्या राहत, तो वळेपर्यंत.

साक्षीच्या दिवशी मफलर ओळखायला त्यांच्या हातात दिला. टोकाला नमुन्यासाठी कापलेलं भोक होतं.

"यही आपने बनाया था?" वकिलांनी विचारलं.

"हो," म्हणत उमाबाईंनी तो नाकाशी नेला. बराच वेळ त्यांनी तो तसाच धरला, मग हळूच खाली ठेवला. बाहेर आल्यावर मेधाला एवढंच म्हणाल्या, "लाखेचा वास येतो गं. त्यांचा नाही."

चालकाला शिक्षा झाली. शेजारच्या बायका म्हणाल्या, चला, न्याय झाला. उमाबाईंनी मान डोलावली. चालकानं वर अपील केलं, म्हणून मफलर मालखान्यात, जप्त वस्तूंच्या कोठडीतच, राहिला. वास गेला हे ठाऊक असूनही उमाबाई त्याची चौकशी करत राहिल्या.

मेधा अधूनमधून रविवारी त्यांच्याकडे येते. मागच्या खेपेला उमाबाई म्हणाल्या, "गाडी किती जोरात होती, रंग कुठला, धागा कसला, सगळं तुम्ही लिहिलंत. पण हे सायकल चालवताना भलत्याच सुरात गायचे. आवाज गल्लीच्या तोंडापासून यायचा. मी चहा टाकायचे."

"काय गायचे काकू?" मेधानं विचारलं.

उमाबाईंनी आठवून पाहिलं. ओठ हलले, पण चाल काही सापडेना. मग त्या खिडकीबाहेर, गल्लीच्या तोंडाकडे बघत बसून राहिल्या.