पिराच्या तलावावरची साफसफाई

बाईसाहेबांनी दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेतली आणि मला विचारलं, "ओव्हरसिअर, पक्षी कुठं आहेत?"

सकाळचे सात वाजले होते. थंडी होती. समोर तलाव होता, तलावात पाणी होतं, काठानं माझा नवा कोरा रस्ता होता. पाखरू मात्र एकही नव्हतं. लांब मधोमध चार-दोन काळे ठिपके हलत होते. ती बदकं की वाहून आलेली लाकडं, देवाला ठाऊक.

"येतील की, बाईसाहेब. जरा ऊन वर येऊ दे," मी म्हणालो. असं म्हणायला मला काडीचा आधार नव्हता. मी पाणीपुरवठ्याचा ओव्हरसिअर. मला चर, पाइप, बांध यांतलं विचारा. पाखरांतलं मला कावळा आणि चिमणी सोडून काही कळत नव्हतं.

संस्थान विलीन होऊन दोन-अडीच वर्षं झाली होती. आमच्या खात्याला नवे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर आले होते, पुण्याकडचे. बोलणं कमी, सही बारीक. त्यांच्या बाईसाहेबांना पक्षी बघायचा नाद होता. आम्हा कोल्हापूरकरांना हा नाद नवीन. पाखरू बघायचं ते ताटात, अशी आमच्याकडची साधी समजूत. साहेबांनी हुकूम काढला की, कोल्हापूरबाहेरच्या पिराच्या तलावाला वळसा घालणारी पायवाट करा. बायकामुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना दम न लागता चालता यावी अशी. मधेमधे बसायला दगडी ओटे. लोकांनी सुट्टीच्या दिवशी दशम्या बांधून यावं, हिंडावं, पक्षी बघावेत. पिण्याच्या पाण्याचा तलाव, त्यावर लोकांचा जीव जडला तर ते तिथं म्हशी धुणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आता मला ते पटतं. तेव्हा मला ते साहेबी खूळ वाटलं होतं.

पण काम मन लावून केलं. आधी लाईनआउट, म्हणजे रस्ता कुठून जाणार ते जमिनीवर फक्कीनं आखून घ्यायचं. फक्की म्हणजे चुन्याची भुकटी. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला की पाणी जिथवर येतं, त्याच्या वर चार हात रस्ता ठेवला. मुरूम टाकला, धुमसानं ठोकून घेतला. म्हातारं माणूस घसरेल असा एक चढ होता, तिथं पायऱ्या केल्या. इथवर सगळं चोख झालं.

मग साहेब सहकुटुंब बघायला येणार असा निरोप आला, आणि आम्ही साफसफाईला लागलो.

आमच्या खात्यात साहेब येणार म्हटलं की दोन गोष्टी ठरलेल्या. वाढलेलं असेल ते कापायचं आणि उभं असेल त्याला चुना मारायचा. मी पंधरा बायामाणसं लावून काठाचं लव्हाळं आणि पाणकणीस सपाट करून घेतलं. पाण्यात वाकलेल्या बाभळीच्या फांद्या उतरवल्या. रस्त्याकडेच्या दगडांना चुना मारला. झाडांच्या बुंध्यांना खाली गेरू, वर चुना. तलाव न्हाव्याकडून उठलेल्या माणसासारखा दिसायला लागला. मी स्वतःवर खूश होतो.

खूश नव्हता तो एकटा दौलूतात्या.

दौलूतात्या तलावाचा राखणदार. पन्नाशी उलटलेला, काटक, बोलायला तोफ. संस्थान असताना तो शिकारखान्यात होता. पाहुणे आले की त्यांना बदकांच्या शिकारीला न्यायचं, कुठं बसायचं ते दाखवायचं, हे त्याचं काम. संस्थान गेलं तसा शिकारखानाही गेला. त्याला आमच्या खात्यात तलावावर हंगामी लावलं होतं. हंगामी म्हणजे महिना संपला की नोकरी संपली, पुन्हा सही झाली तर पुन्हा सुरू. ती सही आता साहेबांच्या हातात होती, आणि साहेबांनी कळवलं होतं की या भेटीत राखणदाराची जागा कायम ठेवायची की काढायची ते बघू. तात्याला शेत नव्हतं. पाखरं सोडली तर दुसरं काही येत नव्हतं. ही जागा गेली असती तर त्या वयात त्याला कुणी दारात उभं केलं नसतं.

लव्हाळं कापायला लागलो तेव्हा तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला होता.

"ओवरशेरसायेब, ह्ये कापू नगा. पाखरू दिवसाचं ह्यातच बसतंय. आडुसा काढल्यावर ते ऱ्हाईल कशाला?"

"तात्या, साहेब रस्ता बघायला येतायत. जंगल बघायला नव्हे."

"पाखरंबी बघायचीत न्हवं त्यास्नी?"

"पाखरं काय, कुठंही बसतील. तुम्ही तुमची राखण बघा. पार ओढ्याच्या तोंडापर्यंत कापून झालं पाहिजे."

तो काही बोलला नाही. तात्या बोलत नाही म्हणजे ऐकलं, असं मी धरून चाललो. इथं माझी दुसरी चूक झाली.

तर त्या सकाळी आम्ही निम्मा रस्ता चाललो. पुढं साहेब, मग बाईसाहेब, त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी, साहेबांच्या आई, मी, आणि शेवटी तात्या. रस्ता झकास होता. आईंनी पायऱ्यांचं कौतुक केलं. बाईसाहेबांनी मात्र दुर्बीण पिशवीत घालायला काढली. मुलगी म्हणाली, "आई, मला घरी जायचंय."

तेवढ्यात तात्या मागून म्हणाला, "बाईसाहेब, वढ्याच्या तोंडाकडं चला. पर वाट सोडाय लागंल."

मी डोळे वटारले. तिकडं अजून मुरूम पडला नव्हता, साहेबांच्या बुटांना चिखल लागला असता. पण बाईसाहेब निघाल्यासुद्धा. तात्यानं आईंचा हात धरला आणि आम्ही गवतातून निघालो.

ओढा तलावाला मिळतो ती जागा बघून मी थबकलो. तिथलं लव्हाळं पुरुषभर उंच उभं होतं. एक काडी कापलेली नव्हती.

"हे काय?" मी तात्याच्या कानाशी विचारलं.

"बाभळीवर आग्या मोहोळ हाय म्हणून सांगितलतं बायास्नी. कोण फिरकतंय?" तो म्हणाला, आणि सगळ्यांना बाभळीआड खाली बसवलं. "आता कुणी बोलायचं न्हाय. खोकायचंबी न्हाय."

एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर धोतरवाल्या राखणदाराच्या हुकमावरून मातीत बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग लव्हाळं हललं. आधी लांब बोटांची एक जांभळी पाणकोंबडी बाहेर आली. मग टिबुकल्या, बुडी मारणाऱ्या. मग बदकांचा थवाच्या थवा, वारकरी म्हणतात ती पांढऱ्या कपाळाची काळी पाखरं, पाणकावळे. सगळ्या तलावाची पाखरं त्या एका कोपऱ्यात दाटीवाटीनं येऊन राहिली होती. मुलगी बोटांवर मोजत होती, तिची बोटं संपली. मला खरं सांगायचं तर आनंद झाला, आणि त्याच्या दुप्पट लाज वाटली.

तात्या हळू आवाजात एकेक दाखवत होता. नजर अशी, की दुर्बिणीच्या आधी त्याचं बोट जायचं. फक्त माहिती सांगायची त्याची रीत शिकारखान्यातली होती.

"ती धनवर. जड पाखरू. उठताना मारायची, बसल्याली न्हाय."

बाईसाहेबांनी वळून पाहिलं.

"आन् ती पलीकडची अडई. लई मऊ लागती. रश्श्यापरीस सुक्कं चांगलं."

साहेबांच्या आईंनी पदर तोंडाला लावला. त्या घरात कांदासुद्धा चातुर्मास बघून खात असावेत. बाईसाहेब उठल्या.

परत निघाल्यावर साहेबांनी विचारलं, "ही झाडी राखायचं डोकं कुणाचं?"

तात्या माझ्याकडं बघत राहिला. मी म्हणालो, "माझं, साहेब."

नंतर मी स्वतःची समजूत घातली की तात्यानं हुकूम मोडला हे साहेबांना कळू नये म्हणून बोललो. ते कारण मी घरी गेल्यावर शोधून काढलं. तेव्हा तोंडातून गेलं ते शाबासकीसाठीच.

शाबासकी मिळाली. वर साहेब म्हणाले, "मग हे काम तुम्हीच बघत जा. राखणारा माणूस पाहिजे, मारणारा नको. हा माणूस पक्ष्यांकडं जेवण म्हणून बघतो. महिनाअखेर त्याची जागा काढून टाकू."

तात्या तोवर आईंना घेऊन वीस पावलं मागं पडला होता. त्यानं ऐकलं की नाही, मला कळलं नाही. मी "हो साहेब" म्हणालो.

पुढचे दोन दिवस मी ऑफिसात डोकं खाली घालून काढले. खरं सांगावं तर तात्यानं हुकूम मोडल्याचं उघड होणार, त्यात तो जाणार. गप्प बसावं तर तो तसाही जाणार. हे कोडं मी छान घोळवत बसलो होतो, कारण कोडं घोळवण्यात कुठं जावं लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायको म्हणाली, "ताटावर बसून भिंतीकडं काय बघताय? काय ते सांगून मोकळं व्हा." मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मला नव्हे."

तिसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या टेबलापुढं उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. लव्हाळं मी कापायला लावलं, तात्या नको म्हणाला, आग्या मोहोळाची थाप मारून त्यानं तो कोपरा वाचवला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे त्यानं तुमचा हुकूम मोडला."

"होय. हुकूमच चुकीचा होता, साहेब."

"लेखी होता?"

"नाही. तोंडी."

"लेखी नव्हता, तर कागदावर तो मोडला असं मला दाखवता येणार नाही," ते म्हणाले. "तुम्ही मात्र माझ्यापुढं खोटं बोललात. ते मी माझ्या कानांनी ऐकलंय."

"आणि तात्याचं, साहेब?"

"ज्यानं जन्मभर पक्षी मारले त्यालाच ते कुठं राहतात हे ठाऊक होतं. घरी सांगतो मी. जा आता."

तात्याची जागा कायम झाली. माझ्या गोपनीय अहवालात शेरा बसला आणि माझं ओव्हरसिअर म्हणून कायम होणं वर्षभर पुढं गेलं. लव्हाळं पुढच्या पावसाळ्यानंतर परत उभं राहिलं, लोक पोराबाळांना घेऊन यायला लागले, दगडांना चुना आम्ही पुन्हा मारला नाही. एवढ्या वर्षांच्या नोकरीतून मी एक शिकलो की कुठलीही जागा साफ करायच्या आधी तिथं कोण राहतं ते विचारावं, आणि ज्याला विचारायचं त्याचं ऐकावंही.

त्या दिवशी साहेबांच्या खोलीतून बाहेर पडलो आणि सायकल काढून थेट तलावावर गेलो. तात्या ओट्यावर बसून काथ्या वळत होता. मी त्याला झालं ते सगळं सांगितलं, साहेबांनी मला सुनावलं त्यासकट. वाटलं होतं, म्हातारा विरघळेल, निदान बसा म्हणेल.

त्यानं काथ्याचा पीळ घट्ट केला.

"त्या दिशी म्या मागंच हुतो, सायेब," तो म्हणाला. "समदं ऐकलं. आन् एवढं सांगाय तुमास्नी दोन दिस लागलं व्हय?"