सासूबाईंच्या खोलीतला एसी

माझा नवरा विजेच्या मागणीचा अंदाज बांधतो. म्हणजे चंडीगडमधल्या कुठल्या वस्तीत येत्या काही वर्षांत किती एसी येतील, किती गिझर, किती वॉशिंग मशीन, आणि मग ऐन उन्हाळ्यात वीज किती लागेल, हे तो आधीच सांगून ठेवतो. सेक्टर २२ मधल्या भाड्याच्या खोल्यांचं सांगतो, मनीमाजऱ्याच्या गल्ल्यांचं सांगतो. आमच्या घराचं विचारलं की मात्र विषय बदलतो.

आम्ही बदलीवाली माणसं. फ्रीजचं, टीव्हीचं, मिक्सरचं रिकामं खोकं आम्ही कधी टाकत नाही. पुढच्या गावी सामान त्यातूनच जायचं असतं. क्वार्टरची एक खोली अशा खोक्यांनीच अडलेली. सासरे गेल्यावर सासूबाई कोल्हापूरहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, तेव्हा खोकी भिंतीकडे सरकवून त्यांचा पलंग तिथेच लावला.

त्यांना दमा. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात कूलरवर भागलं. जुलैत हवा दमट झाली आणि कूलर नुसता ओलावा फेकू लागला. "अंथरूण ओलं लागतंय गं," म्हणत त्या धापा टाकत उठून बसायच्या. मी एसीचं काढलं की नवऱ्याचं ठरलेलं उत्तर, "बदलीची ऑर्डर कधीही येईल. भिंत फोडा, बसवा, परत काढा, कशाला?" त्या उत्तराचा मला आजही संताप येतो.

एकदा जेवताना तो मोठ्या हौसेनं सांगत होता, की ज्या घरात म्हातारं माणूस असतं तिथे एसी लवकर येतो. सासूबाईंचा हात ताटातच थांबला.

"मग आपल्याकडं का आला नाही रे?"

टोमणा नव्हता तो, त्यांनी खरंच विचारलं होतं.

"आपण सरासरीत बसत नाही, आई," तो हसत म्हणाला.

दिवाळीआधीच त्या परत गेल्या. घर बंद राहून खराब होतंय, असं कारण दिलं. मी अडवलं, रडलेही. मला त्या हव्या होत्या. भर दुपारी माझ्याशी मराठीत बोलायला या गावात दुसरं होतं कोण?

बदली काही आली नाही. पुढच्या उन्हाळ्यात आसपासच्या सगळ्यांनी एसी घेतले. त्याचा अंदाज बरोबर आला म्हणून ऑफिसात कौतुक झालं, आणि त्याच आठवड्यात आमच्याकडेही एसी आला. खोकी बाहेर काढून तो सासूबाईंच्याच खोलीत बसवला. नवऱ्यानं लगेच त्यांना फोन लावला, स्पीकरवर.

"आई, तुझ्या खोलीत एसी बसवलाय. तिकीट काढतो, ये."

"नको बाळा," त्या म्हणाल्या. "एकटं राहायची आत्ता कुठं सवय लागलीय. आता ती मोडू नकोस."

मग तो बराच वेळ त्यांना एसी किती टनाचा आहे ते सांगत राहिला.