बाकड्यांची खोली

मस्तगडाच्या मागच्या गल्लीत आमच्या भिंतीला भिंत लागून एक घर आहे, घरात उर्दू बोलणारं. त्या घरची पोरगी दोन्ही पायांनी अधू. लहानपणीच्या तापात गेले तिचे पाय. तिची आई मला मौसी म्हणते अन् पोरगी नानी. मी जवळच्या सरकारी शाळेत खिचडी शिजवायला आहे, म्हणून तिची चाकाची खुर्ची मीच ढकलत न्यायची. रस्ताभर तिचं तोंड चालू. दुकानाची पाटी दिसली की वाचायची अन् मला वाचायला लावायची. शाळेत मी नुसतं शिजवलं, शिकले ती रस्त्यावर.

"नानी, दहावी झाली की मी बँकेत लागणार," म्हणायची. "बँकेत बसूनच काम असतं."

आठवीपर्यंत वर्ग खाली होता. नववी-दहावी मात्र वरच्या मजल्यावर, अन् वर जायला जिना.

मी मोठ्या सरांकडे गेले. सर माणूस वाईट नव्हते, हे आधीच सांगते. म्हणाले, "मावशी, आठवीची पोरं वरच्या खोलीत मावत न्हाईत, न्हाईतर अदलाबदल केली असती. खाली एक खोली वाढवून मागितलीय. वरून एकच उत्तर येतं, निधी न्हाई."

"अन् ती कुलूपवाली?"

खाली कोपऱ्यात एक चांगली धड खोली होती. दोन खिडक्यांची. पण आत मोडकी बाकडी, पार छतापर्यंत.

"तिच्यात बाकडी आहेत."

"मोडकी आहेत की! फेका बाहेर."

सर हसले. "सरकारी बाकडं मोडलं तरी सरकारीच असतं, मावशी. त्याचं निर्लेखन, म्हणजे सरकारी वहीतून नाव कमी, व्हावं लागतं. वरून माणूस येऊन बघणार, मंग हुकूम निघणार, मंग ते हलणार. अन् त्या माणसाची जागाच रिकामी आहे. खर्च कमी करायचा म्हणून भरती बंद."

"मंग अंगणात ठेवा तोवर."

"पावसानं सडली तर माझ्या पगारातून कापतील."

बाकड्यांना एवढं जपणारं कुणी आहे, हे मला तेव्हा कळलं.

मंग तिची आई अन् मी, दोघींनी हाताची पालखी करायला सुरुवात केली. मी तिच्या आईचं मनगट धरायचं, तिनं माझं, पोरगी मधी बसून दोघींच्या गळ्यात हात टाकायची. गड्यांना हात लावू द्यायची न्हाई ती. वयात आलेली पोर, बराबरच होतं तिचं. वर चढता चढता माझ्या कानात म्हणायची, "नानी, तुझ्या केसांना खिचडीचा वास येतो." मी म्हणायची, "गप बस, हसवू नको, तिघी मिळून खाली जाऊ."

अपंगांच्या दिवसाला शाळेत साहेब आल्ते. मंडप घातला, स्टेज बांधलं, स्टेजला पायऱ्या. तिचा सत्कार करायचा म्हणून चौघांनी खुर्चीसकट उचलून वर नेलं. विचारलं कुणी न्हाई. ती डोळे मिटून बसलेली मला खालून दिसून राह्यली होती. साहेब बोलले मात्र छान. म्हणाले, आता कायदा आहे, अपंग म्हणून कुणाला मागं ठेवता येत न्हाई, तो गुन्हा धरला जाईल. टाळ्या झाल्या. मी पण वाजवल्या.

साहेब खाली उतरल्यावर मी त्यांना जिन्याचं सांगितलं. खोलीचं पण सांगितलं. ते म्हणाले, "आजी, कायदा बिलकुल तुमच्या बाजूनं आहे. फक्त सध्या पैशाची जरा ओढाताण आहे." अन् चहा न पिताच गेले.

पोरीची आई घरी येताना म्हणाली, "मौसी, कानून हमारी तरफ है, तो सीढ़ी किसकी तरफ है?"

मी खुर्ची ढकलत राह्यले.

थंडीच्या दिवसांत एकदा जिन्याच्या वळणावर तिच्या आईचा पाय घसरला. पडलो न्हाई कुणी. पण सावरता सावरता पोरीची सलवार कठड्याला अडकून टर्रकन फाटली. वरून पोरं उतरून राह्यली होती. एक जण ओरडला, "डोली आली रे डोली! नवरदेव कुठाय?" सगळे हसले. मी त्याला शिव्या घातल्या, सरांनी कान पिरगाळला, माफी मागायला लावली. सगळं झालं. पण ती दुसऱ्या दिवशी आली न्हाई, तिसऱ्या दिवशी न्हाई. तिची आई रडली, मी हातापाया पडले. "नानी, तू म्हातारी झालीस आता, तुझी कंबर जाईल," एवढंच म्हणाली. माझ्या कंबरेचं निमित्त केलं तिनं.

आता ती घरी साड्यांना फॉल लावते. हात मोठा साफ आहे तिचा.

परवा शाळेत टेम्पो आला. हुकूम निघाल्ता म्हणे. सगळी बाकडी भरून नेली. मी काम टाकून बघत उभी. खोली झाडली, धुतली, दोन्ही खिडक्या उघडल्या. फरशीवर एवढं ऊन पडलं! मी तशीच लगबगीनं गल्लीत आले.

ती ओट्यावर साडी मांडीवर घेऊन बसलेली. तिच्या वर्गाच्या पोरी कधीच पुढं गेल्या. रोज दारावरून कॉलेजला जातात.

"नानी, पळत कशाला आलीस?"

"ती बाकडी गेली गं."

सुई थांबली. "कशी गेली?"

"चार चार माणसांनी उचलून नेली."

ती हसली. "बिचारी. त्यांना लाज तरी वाटत नसेल."

अन् दातानं दोरा तोडून तिनं साडीचा पुढचा काठ ओढला. खोली मोकळी झाली, धुऊन ठेवलीय, ऊन येतं तिच्यात, हे सांगायलाच मी आल्ते. ते तसंच राह्यलं. मी तिच्याजवळ बसले अन् फॉलची घडी उलगडून देऊ लागले.