वाफेला टिचबटण

गल्लीत तिला सगळे टिचमावशी म्हणायचे. जन्मभर फ्रॉक आणि उशांचे अभ्रे शिवले, आणि तोंडही टिचबटणासारखंच. उघडलं की टक्, मिटलं की टक्.

एकदा गॅसवर दूध ठेवून ती मशीनवर बसली. पातेल्याचा कोळसा झाला. तेव्हापासून ती भाचीच्या घरी, पाचव्या मजल्यावर. भाची कामावर निघाली की बाहेरून कुलूप. "तुझ्याच भल्यासाठी गं," असं म्हणत किल्ली फिरायची. मग मावशी दिवसभर खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत.

"मला माझ्या खोलीवर सोड."

"गॅस लावशील आणि विसरशील."

"कच्चं खाईन."

"दात आहेत का?" भाची हसली. मग म्हणाली, "असं कर, हा मायक्रोवेव्ह शीक. काही भानगड न करता जमला, तर तुझ्या खोलीतला गॅस काढू, हा तिथे ठेवू. मग जा खुशाल."

"शब्द?"

"शब्द."

शिकवणी सुरू झाली. स्टीलची वाटी नाही. आत चमचा नाही. सोनेरी काठाचा कप नाही. अंडं सालासकट नाही. घट्ट झाकण नाही, वाफ कोंडते. रिकामा चालवायचा नाही.

"याचे नखरे माझ्या सासूपेक्षा जास्त आहेत," मावशी म्हणाली.

"आणि आत काही पेटलं, तर दार उघडायचं नाही. हवा लागली की भडकतं. बंद करायचा, भिंतीवरचा खटका खाली, आणि थांबायचं."

मावशीला छान जमलं. वरण ढवळून, जरा थांबून मग खायची. फक्त शिंतोडे उडायचे. "काहीतरी झाकत जा ना, सैलसं," भाची करवादली.

दुसऱ्या दिवशी मावशीने सुती कापडाचा गोल बेतला. पण नुसतं फडकं टाकून मोकळं व्हायचं, हे तिच्या हातांना ठाऊक नव्हतं. लोंबतं काम तिला बघवत नसे. तिने कापडाला पट्टा जोडला, तो वाडग्याच्या काठाखाली नीट बसवला आणि टिचबटण लावलं. टक्. तिच्या लेखी धातू म्हणजे वाटी, चमचा. टिचबटण म्हणजे शिवण.

वाडगा आत ठेवून तिने मायक्रोवेव्ह चालू केला. आत ठिणग्या तडतडल्या. कापडाने पेट घेतला.

तिचा हात मायक्रोवेव्हच्या दाराकडे गेला आणि थांबला. तिने यंत्र बंद केलं, खटका पाडला. फटीतून धूर यायला लागला. मग ती घराच्या दाराशी आली, कडी ओढली. दार हललं नाही.

बाहेरून शेजारचे काका ठोकत होते. "मावशी, धूर येतोय. दार उघडा."

"किल्ली कुठंय माझ्याकडे?"

"अहो, मग तुम्ही..."

"मी इथेच आहे. कुठे जाणार?"

जाळ आतल्या आत विझला. काकांनी फोन केल्यावर भाची धावत आली तेव्हा मावशी दाराला पाठ लावून जमिनीवर बसली होती. भाचीने जळका पट्टा उचलला, त्याला काळं पडलेलं बटण लटकत होतं.

"बघितलंस? म्हणूनच मी तुला एकटीला..."

"तू सांगितलंस, पेटलं तर दार उघडू नको. नाही उघडलं. पण माझं दार कोण उघडणार होतं?"

भाची खिडक्या उघडत राहिली.

"खोलीचं काय?"

"बघू."

"तुझं बघू म्हणजे नाही."

"मावशी, आज नको ना."

सकाळी भाची निघाली. मावशी कान देऊन बसली होती. चपला वाजल्या, लिफ्ट खाली गेली. किल्ली फिरली नाही. ती चहाच्या डब्याशेजारी ठेवलेली होती.

मावशीने दार उघडून जिन्याकडे पाहिलं. खाली उतरून जायचं तर कुठे? खोलीची किल्ली भाचीच्या पर्समध्ये. ती परत आली, पण दार बोटभर उघडंच ठेवलं. मग दाराजवळ बसून तिने शिवून ठेवलेलं दुसरं झाकण मांडीवर घेतलं आणि टिचबटणाचे टाके उसवायला लागली.