म्हातारीची वेगळी चूल

ती घटना आठवली की आजही माझा मलाच राग येतो. नावं घेत नाही. माणसं अजून तिथंच नांदताहेत.

टेंभुर्णीच्या अलीकडच्या एका वस्तीवर म्हातारी भाजून गेल्याची खबर पोलीस पाटलांनी दिली. आकस्मिक मृत्यूची नोंद करून पंचनाम्याला निघालो, तोच गावातून एकाचा फोन आला. "साहेब, अपघात न्हाय त्यो. म्हैना झाला, पोरानं आईला घराभाईर काढलंय."

घरापासून चाळीस पावलांवर एक खोप होती. आत तीन दगडांची चूल आणि दोन भांडी. चुलीशीच पदर पेटला होता.

मुलाला ठाण्यात आणलं. आईला बाहेर का काढलं, विचारलं तर गप्प. गप्प बसतो तो चोर, हा माझा जुना ठोकताळा. मी त्याच्या मुस्काटात दिली. तरी तो बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा वस्तीवर गेलो, तेव्हा ध्यानात आलं, खोपीत अंथरूणच नव्हतं! म्हातारीची वाकळ, गोळ्या, अडकित्ता सगळं मुलाच्या खोलीत, नातीच्या उशाशी. माणूस निजतो तिथं त्याचं घर. एवढं आदल्या दिवशी मला सुचू नये?

सुनेला विचारलं. तिला हुंदका आवरेना.

"आत्याबाईंनीच काढलं ते खूळ," सासूबद्दल ती सांगू लागली. "एका खोलीत आमी सातजण. पर वर स्लॅब हाय, म्हून सरकारी घरकुलात बसत न्हाय. चूल येगळी दिसली की कुटुंब येगळं, मग म्हातारीला बेघर धरत्यात. तपासणीला सायब कवाबी यील, चुलीत राख पायजे, म्हून दिसभर तितं रांधायच्या. रातच्याला हितंच निजायच्या. लई कमी दिसायचं हो त्यास्नी!"

"मग हा बोलला का नाही?"

"खोटं कुटुंब दावलं म्हून दुसरी केस हुईल, ह्ये भ्या. आन् वारस म्हून मिळायचं त्ये घरकुलबी जाईल."

मुलाला सोडलं. माफी मागायला जीभ रेटली नाही. जबाबावर सही करताना तोच म्हणाला, "साहेब, तुमच्या कागदात तरी आईला आमच्यात धरा की."

"तसं लिहिलं तर घरकुल गेलं समज."

"जाऊ द्या."

मी लिहिलं, मयत ही मुलाच्याच कुटुंबात राहत होती.

गप्प बसलेल्या माणसावर त्यानंतर मी कधी हात टाकला नाही. पण ज्याच्यावर टाकला, त्याची आई त्याच दिवशी गेली होती, आणि मी त्याला रडूसुद्धा दिलं नव्हतं.