गुड फ्रायडेला पेटी बंद असते

माझ्या डाव्या कानात अजून शिट्टी वाजते. सोयगावकडच्या आमच्या चर्चमध्ये मुलांना गीतं शिकवणारे एक मास्तर होते, ही त्यांची देणगी. चौथं कडवं तिसऱ्याच्या जागी म्हटलं म्हणून त्यांनी कानाखाली अशी हाणली की मी बाकावरून खाली पडलो. घरी सांगितलं तर बापानं पट्टा काढला. "देवाच्या घरात चुकतो व्हय रं?" फटक्यागणिक एक ओळ म्हणायला लावली. ते गीत आजही पाठ आहे. बापावरचा राग तो मातीआड गेल्यावर निवला. मास्तरांवरचा निवलेला नाही.

शहरात आलो, हमाली केली, पाडलेल्या घरांची दारं-खिडक्या घेऊन उस्मानपुऱ्यात दुकान थाटलं. दुसऱ्याचा सागवान मी बाभळीच्या भावात आणतो. देव मात्र मला उपदेशातून कधी कळला नाही. पाळकसाहेब बोलायला लागले की मला डुलकी येते. पण मुलगी तान्ही असताना दवाखान्यात निपचित पडली होती, तेव्हा माझ्या तोंडात गीतंच आली, दुसरं काही सुचलं नाही. म्हणून तिला गाणं आलंच पाहिजे, हे मी तेव्हाच ठरवलं. फक्त मार न खाता.

इथल्या चर्चमध्ये पेटी वाजवणारा मास्तर तरुण आणि दणकट. त्याच्याशी आधीच सौदा केला. "पोरगी तुमच्या हवाली. ओरडा, कोपऱ्यात उभी करा. हात लावायचा नाय. लावला तर तुमचा हात जागेवर राहणार नाय."

तो हसला. "भाऊ, लाकडाचा सौदा करायला आलात का?"

"आधी हो म्हणा."

"बरं, हो."

गुड फ्रायडेच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी आमच्याकडं पेटीवर काळं कापड चढतं, ते ईस्टरला, पुनरुत्थानाच्या पहाटे उतरतं. गुड फ्रायडेला मुलांनी पेटीशिवाय, पुस्तकाशिवाय गायचं. कुणी अडलं तर मास्तरानं हळूच ओळ पुरवायची. यंदा पुढं गाणार होती माझी मुलगी, आणि गीत तेच, माझ्या कानातलं.

बुधवारी सरावाहून आणायला गेलो तर ती बोटं तोंडात धरून उभी. सूर सापडेना म्हणून तिनं कापड उचलून पट्टी दाबली होती. मास्तरनं झाकण आपटलं होतं, बोटांसकट.

मी कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळलं. त्यानं माझ्या भुवईवर डोकं हाणलं. रक्त डोळ्यांत उतरलं, काही दिसेना. अंदाजानं मारलेला ठोसा त्याच्या तोंडावर बसला. मी खुर्ची उचलली, तर मुलगी पेटीला मिठी मारून बसलेली.

"पप्पा, पेटीला लागंल."

"ऊठ. आजपासून गाणं बंद."

"नाय उठणार. परवा मीच गाणार."

घरी बायकोनं जखमेवर हळद दाबली, जरा जास्तच जोरात. "चर्चमधी कुस्ती करून आलात. आता पोरीला शिकवा, शत्रूवर प्रीती करावी."

शुक्रवारी माझ्या भुवईवर पट्टी होती, मास्तरचा ओठ वांग्यासारखा सुजलेला. दोन कडवी स्वच्छ गेली. तिसऱ्याला मुलगी थांबली. तिनं मास्तरकडं पाहिलं. त्यानं तोंड हलवलं, पण नुसती हवा बाहेर आली. ते तोंड मीच बंद केलं होतं. माझा डावा कान तापला आणि ओळ आपोआप बाहेर पडली, मोठ्यानं, बेसूर. माना वळल्या. मुलीनं ती ओळ उचलली, सुरात बसवली आणि शेवटच्या कडव्यापर्यंत नेली.

बाहेर आल्यावर मास्तर जवळ आला. शब्द चावत बोलला, "भाऊ, ओळ बरोबर होती. सूर मात्र लई..."

"सुराचं सोडा. पोरीची माफी मागा."

त्यानं तिच्यापुढं हात जोडले. ती लाजली. मी नाही लाजलो. "आता शिकवताना मी समोर बसणार."

"बसा. पण गायचं नाय."

"आणि पेटीचं झाकण माझ्याकडं राहील."

त्याला थट्टा वाटली. ईस्टर झाल्यावर मी पेचकस घेऊन गेलो आणि झाकण बिजागऱ्यांसकट काढून आणलं. दुकानात दारांच्या रांगेत ते उभं आहे. जुना सागवान, पॉलिश चांगलं. गिऱ्हाईक भाव विचारतं. मी सांगत नाही.