भिवाचा रोलर

आमच्या पिंपरीच्या कारखान्यात भिवा फिटर होता, पिंपळे गुरवचा. त्याच्याइतका हुशार आणि त्याच्याइतका खुळा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आठवलं की अजून डोकं तापतं.

मी पगार खात्यात कारकून. चौऱ्याहत्तर साली आमच्याकडं भोकं पाडलेली कार्डं वाचून पगारपत्रक छापणारं यंत्र होतं. एका परदेशी कंपनीचं, भाड्याचं. कार्डंही त्यांचीच घ्यायची आणि बिघडलं तर हात त्यांच्याच माणसानं लावायचा. कव्हरला सील! तो माणूस मुंबईहून चौथ्या दिवशी उगवायचा, तोवर अख्खा कारखाना माझ्या नावानं बोटं मोडायचा.

एकदा भिवानंच सील तोडलं. "किती दिस त्यांच्या तोंडाकडं बघायचं?" म्हणाला, आणि कार्डं आत ओढणारा झिजलेला रोलर काढून स्वतः लेथवर घडवलेला बसवला. अकरा महिने यंत्र कुरकुरलं नाही.

आमचे साहेब, अण्णासाहेब, पेटले. मक्तेदारीविरुद्ध कायदा आला होता, दिल्लीत आयोग बसला होता. "तक्रारच करू. दुरुस्ती आपल्या माणसाकडून करायची मुभा हवी. आधी कंपनीवाल्यांना यंत्र चालवून दाखवू. हातच्या कंकणाला आरसा कशाला?" मुभा मिळाली की यंत्र भिवाच्या ताब्यात. त्यानं बायकोला, चतुराबाईला, सांगूनही टाकलं. दिवस ठरला दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

आणि दसऱ्याला या शहाण्यानं काय करावं? त्या दिवशी सगळीच यंत्रं पुजतात, हार घालतात, ठीक आहे. यानं कव्हर उघडून आतल्या रोलरला तेलात कालवलेलं कुंकू लावलं. चांगलं ठसठशीत!

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर कार्डं सरसर धावली आणि मध्येच अडकली. बाहेर काढली तर लाल, भोकं कुंकवानं बुजलेली. कंपनीच्या साहेबानं त्यातलं एक रुमालात गुंडाळलं.

"म्हणूनच आम्ही सील लावतो," एवढंच तो बोलला. कप्पाळ माझं! तक्रारीचा कागद टेबलातच राहिला.

"अरे, बाहेरून लावायचं होतंस की!" मी भिवावर ओरडलो.

"बाहेरचं समदं त्यांचं हाय," तो म्हणाला. "माझा तेवढा रोलरच व्हता."

त्यांनी तो काढून नेला, स्वतःचा बसवला, नवं सील ठोकलं. वर्षभरानं भिवा दारात थबकला, कान देऊन ऐकलं.

"रोलर घासतोय. मंगळवारी बंद पडंल."

मंगळवारी यंत्र बंद पडलं. भिवा हात मागं बांधून उभा होता. मी मुंबईला फोन लावला.